चीनच्या सीमा : मिटलेल्या आणि मिटू न दिलेल्या

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

२८ ऑगस्ट २०२३ रोजी, म्हणजे दिल्लीतील जी-२० शिखर परिषद अवघ्या पंधरवड्यावर आलेली असताना, चीनच्या नैसर्गिक संसाधन मंत्रालयाने आपल्या देशाचा नवा 'प्रमाण नकाशा' प्रसिद्ध केला. अरुणाचल प्रदेश आणि अक्साई चीन हे दोन्ही भूभाग त्यात चीनच्या रंगात रंगविलेले होते. भारताने दुसऱ्याच दिवशी निषेध नोंदविला. दक्षिण चीन समुद्रावर ओढलेल्या तुटक रेषेमुळे फिलिपिन्स, मलेशिया आणि व्हिएतनाम यांनीही तो नकाशा नाकारला. वृत्तपत्रांतून एवढे सर्व आले. त्या नकाशाच्या ईशान्य कोपऱ्यातील एका लहानशा बेटाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अमूर आणि उसुरी या नद्यांच्या संगमावरील हे बेट रशियातील खाबारोव्स्क शहरासमोर आहे. त्याचा पश्चिमेकडील भाग चीनचा आणि पूर्वेकडील रशियाचा, असा रीतसर करार झालेला आहे. २००८ मध्ये तेथे सीमास्तंभही उभे राहिले. नव्या नकाशात मात्र ते संपूर्ण बेट चीनचे दाखविले होते! रशियाने फारसा आवाज केला नाही. उभय देशांतील सीमाप्रश्न सुटलेला आहे, एवढेच मॉस्कोने सांगितले.

मित्र म्हणविणाऱ्या, करार केलेल्या शेजाऱ्याच्या बाबतीत हे घडते, तर चीनच्या सीमांविषयी नेमके काय समजावयाचे? भारतात याचे तयार उत्तर एका शब्दात मिळते : विस्तारवाद. तो शब्द खोटा नाही. परंतु एका शब्दाने समाधान झाले की अभ्यास थांबतो, आणि या शेजाऱ्याविषयीचा अभ्यास थांबविणे भारताला एकदा फार महागात पडले आहे.

प्रथम भूगोल पाहू. चीनची भूसीमा सुमारे २२,००० किलोमीटर लांब आहे. तिला चौदा देश भिडलेले आहेत : उत्तर कोरिया, रशिया, मंगोलिया, कझाकस्तान, किरगिझस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, नेपाळ, भूतान, म्यानमार, लाओस आणि व्हिएतनाम. भूसीमेवर इतके शेजारी असलेला दुसरा देश म्हणजे केवळ रशिया. यांतील सर्वांत लांब सीमा मंगोलियाशी, साडेचार हजार किलोमीटरहून अधिक. सर्वांत तोकडी अफगाणिस्तानशी, वाखानच्या चिंचोळ्या पट्टीच्या टोकाला, शंभर किलोमीटरही न भरणारी. चीनभर एकच बीजिंगची वेळ चालते. त्यामुळे ही सीमा ओलांडली की घड्याळ एकदम साडेतीन तास मागे करावे लागते. पूर्वेला आणि आग्नेयेला समुद्र. मुख्य भूमीचा किनारा सुमारे १८,००० किलोमीटरचा.

या एवढ्या लांबलचक किनाऱ्याला एक विलक्षण उणीव आहे. ईशान्येला तुमेन नदीच्या काठाने चीनची भूमी जपानच्या समुद्राच्या दिशेने सरकत जाते आणि समुद्र सुमारे पंधरा किलोमीटर उरला असताना अकस्मात संपते. पुढे एका तीरावर रशिया, दुसऱ्या तीरावर उत्तर कोरिया. फांगच्वान या गावातील मनोऱ्यावर चढून चिनी पर्यटक तो समुद्र लांबून पाहतात. हे असे झाले १८६० च्या पेकिंग करारामुळे. त्याआधीच, १८५८ मध्ये, ऐगुनच्या करारान्वये अमूर नदीच्या उत्तरेचा सहा लक्ष चौरस किलोमीटरचा मुलूख झारशाहीने घेतला होता. १८६० मध्ये उसुरीच्या पूर्वेचा आणखी सुमारे चार लक्ष चौरस किलोमीटर गेला. व्लादिवोस्तोक हे बंदर त्याच मुलखात उभे राहिले. चिनी शालेय पुस्तकांत हे 'विषम करार' आजही शिकविले जातात. मग एवढी खोल जखम असताना चीनने रशियाशी काय केले?

मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतील दमान्स्की नावाच्या बेटावर, ज्याला चिनी लोक झेनबाओ म्हणतात, दोन साम्यवादी महासत्तांच्या सैनिकांनी एकमेकांचे रक्त सांडले. दोन्ही देश अण्वस्त्रधारी होते. युद्ध भडकते की काय, अशी धास्ती जगाला वाटली. त्यानंतर बावीस वर्षांनी, मे १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ शेवटचे महिने मोजीत असताना पूर्वेकडील सीमेचा करार झाला. उरलेल्या बेटांचा निकाल २००४ मध्ये लागला आणि त्याची अंमलबजावणी २००८ मध्ये झाली. १८५८ आणि १८६० मध्ये गेलेल्या दहा लक्ष चौरस किलोमीटरांपैकी चीनने काहीही परत मागितले नाही. नदीतील बेटांची वाटणी मात्र त्याने चिवटपणे करून घेतली.

हा अपवाद नव्हे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मध्य आशियात जे नवे दुबळे देश जन्माला आले, त्यांच्यापुढे चीनला वाटेल ते मागता आले असते. ताजिकिस्तानशी वाद होता पामीरमधील सुमारे २८,००० चौरस किलोमीटरांचा. ताजिक संसदेने २०११ मध्ये मान्य केलेल्या करारानुसार चीनच्या पदरात पडले सुमारे एक हजार चौरस किलोमीटर. कझाकस्तानच्या बाबतीत वादग्रस्त भूमीचा मोठा हिस्सा कझाकस्तानकडेच राहिला. व्हिएतनामशी १९७९ मध्ये चीनने युद्ध केले. परंतु १९९९ च्या भूसीमा करारात वादातील २२७ चौरस किलोमीटर जवळजवळ निम्मेनिम्मे वाटले गेले. चीनच्या सीमावादांचा विस्तृत अभ्यास करणारे अमेरिकी अभ्यासक टेलर फ्रॅव्हेल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हिशेब मांडला आहे, तो असा : १९४९ पासून चीनचे तेवीस प्रादेशिक वाद झाले, त्यांपैकी सतरांत त्याने तडजोड केली, आणि पुष्कळदा वादातील निम्म्याहून कमी भूमीवर समाधान मानले. भारतीय मनाला हे वाचून आश्चर्य वाटते, थोडा संतापही येतो. चौदांपैकी बारा शेजाऱ्यांशी चीनने भूसीमेचे करार केले आहेत. उरले दोन : भारत आणि भूतान.

मग प्रश्न उभा राहतो की, बारा ठिकाणी दाखविलेले औदार्य हिमालयाच्या पायथ्याशी येताच का आटले?

उत्तर शोधताना करारांच्या तारखा पाहाव्यात. पहिला गट आहे १९६० ते १९६३ चा. ऑक्टोबर १९६० मध्ये म्यानमार, म्हणजे तेव्हाचा ब्रह्मदेश. ऑक्टोबर १९६१ मध्ये नेपाळ. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी उत्तर कोरिया. डिसेंबर १९६२ मध्ये मंगोलिया. २ मार्च १९६३ रोजी पाकिस्तान. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अफगाणिस्तान. तीन वर्षांत सहा करार! या तीन वर्षांत चीनमध्ये काय चालले होते? १९५९ मध्ये तिबेटने उठाव केला होता. माओच्या 'मोठ्या झेपे'ने देशात दुष्काळ आणला होता आणि कोट्यवधी माणसे भुकेने मरत होती. १९६२ च्या वसंतात सिंकियांगमधून साठ हजारांवर लोक सोव्हिएत हद्दीत पळून गेले. घर आतून पेटले असताना चीनने भोवतालच्या कुंपणावरील भांडणे भराभर मिटविली. दुसरा गट १९९० च्या दशकातील. त्याच्या आधी तिआनानमेन आहे, आणि सिंकियांगमधील उइगुर मुसलमानांचा असंतोष आहे. मध्य आशियातील प्रजासत्ताकांना भूमीची सवलत मिळाली. मोबदल्यात त्यांनी आपल्या भूमीवर उइगुर फुटीरतावाद्यांना थारा न देण्याची हमी दिली. १९९६ मध्ये 'शांघाय पंचक' म्हणून जो गट जन्मला, त्यामागील हा व्यवहार होता. अर्थात हे औदार्य नव्हते. अंतर्गत सुरक्षेची किंमत चीनने भूमीच्या रूपाने मोजली, आणि ती किंमत जमेल तितकी कमी ठेवली.

ज्यांना ही किंमत कमी वाटली नाही, त्यांचीही नोंद हवी. किरगिझस्तानने चीनला नव्वदच्या दशकात जी भूमी देऊ केली, तिला विरोध करणाऱ्या एका खासदाराला २००२ मध्ये अटक झाली. अक्सी जिल्ह्यात लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली आणि पंतप्रधानांसह सरकारला पायउतार व्हावे लागले. बीजिंगला थोडी वाटणारी भूमी डोंगरातील मेंढपाळांचे कुरण असते.

आता पहिल्या गटाकडे पुन्हा वळावे, कारण त्यात भारताचे नाव येता येता राहिले. एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीत आले. आदल्या वर्षी लोंगजू येथे गोळीबार झाला होता. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्सजवळ भारतीय पोलीस हुतात्मा झाले होते, ज्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. चौ यांनी सुचविलेला सौदा उघड लिहून दिलेला नव्हता, पण त्याचा अर्थ स्पष्ट होता : पूर्वेला भारताच्या ताब्यातील प्रदेश भारताकडे, पश्चिमेला चीनच्या ताब्यातील अक्साई चीन चीनकडे. अक्साई चीनमधून तिबेट-सिंकियांग महामार्ग चीनने १९५७ मध्येच पूर्ण केला होता, भारताच्या नकळत. चोराने घरात शिरून बैठकीची खोली बळकवावी आणि मग माजघर तुमचेच, असे सांगावे, तसा हा प्रस्ताव होता. देशाने तो नाकारला, आणि त्या क्षणी दुसरे काही शक्यही नव्हते. परंतु प्रस्ताव नाकारणाऱ्या राष्ट्राने पुढील पावलासाठी सैन्य, रस्ते आणि थंडीचे कपडे सिद्ध ठेवावयाचे असतात. ते घडले नाही. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने कोरियाशी सीमाकरार केला आणि आठच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, भारतावर आक्रमण केले. एका हाताने सही आणि दुसऱ्या हाताने शस्त्र, हे एकाच आठवड्यात चाललेले काम होते.

याच काळातील ब्रह्मदेशाचा करार भारतीय वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहावा. मॅकमहोन रेषा आम्हांला मान्य नाही, ती साम्राज्यवाद्यांनी लादली, तिबेटला करार करण्याचा अधिकारच नव्हता, असे चीन सतत सांगतो. ही रेषा अरुणाचलच्या पूर्व टोकाशी थांबत नाही. ती पुढे ब्रह्मदेशाच्या उत्तर सीमेवरही जाते. १९६० च्या करारात त्या भागात चीनने जलविभाजकाची जी रेषा मान्य केली, ती व्यवहारतः मॅकमहोन रेषाच आहे. नाव मात्र वगळले. म्हणजे ब्रह्मदेशाशी चालणारी रेषा भारताशी चालत नाही. हरकत रेषेला नाही, हे येथे उघड होते.

ती तिबेटला आहे. ज्या देशाने दलाई लामांना आश्रय दिला, त्या देशाबरोबरचा सीमावाद हा चीनच्या दृष्टीने तिबेटवरील पकडीचा प्रश्न आहे. तवांगला ३१ मार्च १९५९ नंतरच्या दिवसांत याच दलाई लामांनी भारतातील पहिला विसावा घेतला. सहावे दलाई लामा १६८३ मध्ये तवांगजवळ जन्मले. तवांगच्या मठाचे महत्त्व तिबेटी मनात काय आहे, हे बीजिंगला नीट ठाऊक आहे. १९५१ मध्ये मेजर बॉब खातिंग यांनी आसाम रायफल्सची तुकडी घेऊन तवांगला भारताचे प्रशासन बसविले, हे भारताच्या स्वातंत्र्योत्तर इतिहासातील अत्यंत दूरदर्शी कृत्य होय. शाळेच्या पुस्तकांत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत.

१९६० मध्ये पूर्व विभाग सोडावयास तयार असलेला चीन १९८५ च्या सुमारास पूर्व विभागच मुख्य असल्याचे सांगू लागला आणि तवांग मागू लागला. २००० मध्ये मध्य विभागाच्या नकाशांची देवाणघेवाण झाली. २००२ मध्ये पश्चिम विभागाचे नकाशे टेबलावर आले आणि परत गेले. एप्रिल २००५ च्या कराराने मान्य केले की, सीमावर्ती भागात स्थायिक असलेल्या लोकांचे हित जपले जाईल. दोन वर्षांतच चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी भारताला सांगितले की, केवळ वस्ती आहे म्हणून आमचा दावा बदलत नाही. भारताच्या मते ही सीमा ३,४८८ किलोमीटर लांब आहे. चिनी बाजू ती सुमारे २,००० मानते. लांबीवरच एकमत नाही, तेथे रेषेची काय कथा?

समुद्रावर गेले की चित्र आणखी स्पष्ट होते. किनाऱ्यावरील इतक्या शेजाऱ्यांपैकी केवळ एकाशी चीनने सागरी सीमा ठरविली आहे : टोंकिनच्या आखातात व्हिएतनामशी, डिसेंबर २००० मध्ये. तीत व्हिएतनामला निम्म्याहून थोडे अधिक, सुमारे ५३ टक्के, पाणी मिळाले. तेथेच हे थांबले. उर्वरित दक्षिण चीन समुद्रावर आहे ती तुटक रेषा. तिची जन्मकथा गमतीची आहे. १९४७ मध्ये चँग कै-शेकच्या सरकारने ती अकरा तुकड्यांची काढली. साम्यवाद्यांनी चँगचे बाकी सर्व टाकून दिले, रेषा तेवढी ठेवली. पुढे टोंकिन आखातातील दोन तुकडे गेले व नऊ उरले. २००९ मध्ये तो नकाशा संयुक्त राष्ट्रसंघाला सादर झाला. हल्लीच्या नकाशात तैवानच्या पूर्वेला दहावा तुकडाही असतो. या रेषेला अक्षांश-रेखांश नाहीत. ती जमिनीवरील सीमेसारखी मोजून ठेवलेली नाही, म्हणूनच ती सोयीची आहे.

रेषेच्या आत प्रत्यक्षात काय घडले? १९७४ मध्ये पॅरासेल बेटे दक्षिण व्हिएतनामकडून बळाने घेतली. १९८८ मध्ये जॉन्सन साउथ या खडकावर ६४ व्हिएतनामी सैनिक ठार झाले. १९९५ मध्ये फिलिपिन्सच्या किनाऱ्यासमोरील मिसचीफ खडकावर चिनी बांधकाम दिसले. 'कोळ्यांसाठी निवारा' असे त्याचे स्पष्टीकरण होते. २०१३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत समुद्रतळाची वाळू उपसून तेथे धावपट्टी असलेले कृत्रिम बेट उभे राहिले. १२ जुलै २०१६ रोजी हेग येथील लवादाने निर्णय दिला की, या रेषेच्या आधारे सागरी संपत्तीवर ऐतिहासिक हक्क सांगण्यास कायद्याचा आधार नाही. चीनने १९९६ मध्ये सागरी कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार स्वतः मान्य केला होता, तरी निर्णय धुडकावून लावला. तुलनेसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दोन वर्षांपूर्वी, जुलै २०१४ मध्ये, बंगालच्या उपसागरातील सीमेबाबत अशाच लवादाने वादातील सुमारे पंचवीस हजार चौरस किलोमीटरांपैकी एकोणीस हजारांहून अधिक बांगलादेशला दिले. मोठा देश भारत होता, आणि भारताने तो निर्णय स्वीकारला.

समुद्रावर चीन तडजोड का करीत नाही? तेथे उइगुर नाहीत, तिबेट नाही. शेजाऱ्याला सवलत देऊन अंतर्गत शांतता विकत घ्यावी, अशी गरज नाही. उलट मासे, तेल, मलाक्काकडे जाणारा जलमार्ग आणि तैवान, हे सर्व तेथे आहे. आणि नौदल दरवर्षी वाढते आहे. वाट पाहणे ज्याच्या फायद्याचे, तो सही कशाला करील?

हिमालयावरही आता हेच गणित चालू आहे. १ जानेवारी २०२२ पासून चीनचा भूसीमा कायदा अमलात आला. तिबेटच्या सीमेवर सहाशेहून अधिक आदर्श गावे वसविण्यात आली. त्यांतील काही भूतानच्या हद्दीत आहेत. २०१७ पासून अरुणाचलमधील गावे, डोंगर, नद्या यांना चिनी नावे देण्याच्या याद्या निघत आहेत; २०२५ च्या मे महिन्यात पाचवी यादी आली. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात कर्नल संतोष बाबू यांच्यासह भारताच्या वीस वीरांनी प्राण दिले. देप्सांग आणि देमचोक येथील गस्तीचा तोडगा जाहीर झाला तो २१ ऑक्टोबर २०२४ रोजी. योगायोगाने तो पोलीस स्मृतिदिन होता. भारतानेही सीमेवरील गावे रिकामी होऊ देण्याची जुनी चूक ओळखली आहे. एप्रिल २०२३ मध्ये अरुणाचलमधील किबिथू येथून 'व्हायब्रंट व्हिलेज' योजना सुरू झाली. १९६२ मध्ये ज्या वालाँगने आक्रमण अंगावर घेतले, त्याच्या थोडे पुढचे हे गाव. तेथे रस्ता, दवाखाना, शाळा आणि मोबाइलचा मनोरा असणे हा सीमाप्रश्नाचाच भाग आहे. माणूस गावात राहिला तर गुराख्याचे पाऊल पडते, आणि पाऊल पडले तर गस्तीला साक्षीदार मिळतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या विशेष प्रतिनिधींनी एक तज्ज्ञगट नेमण्याचे ठरविले. जेथे मतभेद कमी आहेत, तेथील सीमा आधी निश्चित करावी, असा त्यामागील विचार. अशी जागा म्हणून सर्वप्रथम सिक्कीमचे नाव घेतले जाते, कारण तेथे १८९० च्या कराराचा आधार उभय पक्ष मान्य करतात. वरवर पाहता हे सोपे वाटते. परंतु त्या सीमेचे पश्चिम टोक नेपाळशी आणि पूर्व टोक भूतानशी भिडते, आणि पूर्व टोक नेमके कोठे, यावरच २०१७ मध्ये डोकलामला ७३ दिवस सैन्ये समोरासमोर उभी होती. भारताच्या मते ते बटांग ला येथे आहे. चीन ते दक्षिणेला ग्यामोचेन येथे सांगतो. तेथून पुढे झांपेरी डोंगर, आणि त्याच्या पलीकडे उतरत गेले की सिलिगुडीची चिंचोळी पट्टी, जी काही ठिकाणी वीस-बावीस किलोमीटरच रुंद आहे. तीन देशांच्या सीमा जेथे मिळतात, तेथील बिंदू तिसऱ्या देशाला विचारूनच ठरवावयाचे, असे भारत आणि चीन यांच्यात २०१२ मध्ये ठरलेले आहे. चीन भूतानशी १९८४ पासून स्वतंत्र वाटाघाटी करतो आहे. उत्तरेकडील ४९५ चौरस किलोमीटरवरील दावा सोडतो, पश्चिमेकडील डोकलामसह २६९ चौरस किलोमीटर द्या, असा प्रस्ताव त्याने नव्वदच्या दशकातच थिंफूपुढे ठेवला होता. भूतानने तो अद्याप स्वीकारलेला नाही.